वंगण आणि उष्णता

वैशाखात भोकर परिसरात पारा ४० अंशांच्या वर जातो. परंतु मोटारीच्या इंजिनातील उष्णता याहून कितीतरी अधिक असते. तेथील तेल १०० अंशांपर्यंत तापते. जुनी वेगवान गाडी भरधाव हाकल्यास त्याहूनही पुढे जाते.

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. इंजिनातही तेलाचा केसाहून पातळ थर फिरत्या भागांना परस्परांपासून अलग ठेवतो. तेल फार तापले की पातळ होते. हा थर तुटला, तर धातूवर धातू घासून इंजिन जखडते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शर्यतीच्या गाड्यांत व विमानांत एरंडेल वापरीत. ते उष्णतेतही थर टिकवी. परंतु लवकर चिकट होई. खनिज तेलही अति तापल्यास काळवंडते व घट्ट होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम तेल सिद्ध केले. त्याचे रेणू बहुतांशी सारख्या घडणीचे असल्यामुळे ते उष्णतेत कमी पातळ होते व सहसा बिघडत नाही.

तथापि तेल कितीही उत्तम असले, तरी त्याची पातळी वेळोवेळी पाहिलीच पाहिजे. यंत्र मुके असते. त्याची तहान चालकानेच ओळखावी लागते.

स्वाध्याय
१. इंजिनात तेलाचे कार्य कोणते?
२. एरंडेलाचा दोष कोणता?