सिद्धेश्वरला सोडू नकोस

हिंगोली

बाळा,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी पाऊस, मग हळदीची लागवड, मग तुझी परीक्षा, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, त्याच्या टाकीतला तिसरा गोल्डफिशही मेला. पोरगं म्हणतंय, सुट्टीत येताना उरलेले मासे पिशवीत घालून आणतो आणि सिद्धेश्वरच्या धरणात सोडून देतो, बिचारे मोकळे तरी होतील." तिनं सहज सांगितलं. तुझ्या मामाला त्यानंतर झोप लागली नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

मासे धरणात सोडायचे नाहीत. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी ऐक.

तू पाठवलेला टाकीचा फोटो तुझ्या मामाने चष्मा लावून दोनदा पाहिला. टाकी तीन फुटी, म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास पाणी. त्यात गोल्डफिश, दोन ऑस्कर, एक सकर आणि दुकानदाराने 'मिक्स आफ्रिकन' म्हणून गळ्यात मारलेले आठ मासे. सगळे एकत्र राहतात असं त्याने सांगितलं आणि तू ऐकलंस. अरे, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा पोरगा तू. जमीन बघितल्याशिवाय तू बियाणं सुचवणार नाहीस, आणि मासा कुठल्या पाण्यातला हे न विचारता टाकीत सोडलास?

गोल्डफिश थंड पाण्याचा, संथ, त्याची शेपटी झुलणारी. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, सामू कमी, आणि मासा वाढून फूटभर होतो. ते आठ जण मात्र आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. सुमारे ५८० किलोमीटर लांब, सातशे मीटरपर्यंत खोल असं ते सरोवर. पाणी अल्कधर्मी, सामू पावणेआठ ते साडेआठ. तिथल्या काठाच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना तिथले लोक म्बुना म्हणतात. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपली कपार राखायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. सरोवरात हरलेला मासा पळून दुसऱ्या खडकाआड जातो. तुझ्या टाकीत तो पळून पळून काचेलाच धडकतो. तुझ्या एका ऑस्करचा डोळा गेला तो असाच गेला.

टाकीत गुंडगिरी करणारा तो काळसर मासा ऑराटस आहे. आणि ज्यांना तू वेगळी जात समजतोस ते पिवळेधमक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चार जण त्याच्याच जातीचे. लहानपणी सगळेच पिवळे असतात. नर वयात येऊन वरचढ झाला की काळवंडतो, माद्या पिवळ्याच राहतात. म्बुनांमध्ये सुद्धा हा फार तापट गणला जातो. त्याचा सर्वांत जास्त राग कुणावर, तर आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर. त्यामुळे सोबती निवडताना पहिली गोष्ट ही पाहायची की त्याच रंगाचा, तशाच पट्ट्यांचा दुसरा नर टाकीत नको. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात, म्हणजे एकीच्याच मागे लागून तो तिला मारून टाकत नाही. सोबतीला मलावीचेच अंगापिंडाने दणकट म्बुना चालतात. पीकॉक सिक्लिड दिसायला देखणे, पण स्वभावाने नरम, त्यांना याच्या हवाली करू नकोस. सिनोडोंटिस जातीचा आफ्रिकन कॅटफिश चालतो. तो कपारीत पडून राहतो आणि त्याच्या पाठीचा काटा सगळ्यांना ठाऊक असतो.

आता जे सांगतो ते ऐकून तुला नवल वाटेल. म्बुनांची टाकी थोडी गर्दीची ठेवतात. मासे थोडे असले की एकाच दुबळ्यावर सगळा मार बसतो. जास्त असले की तो वाटला जातो. मात्र त्यासाठी टाकी चार फुटी तरी हवी, फिल्टर दुपटीचा हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. दगड तळापासून वरपर्यंत असे रचायचे की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला दिसूच नये. नवा मासा सोडताना दगडांची जागा बदलायची, म्हणजे जुन्यांची हद्द पुसली जाते. दिवा बंद करून सोडायचा. आणि सर्वांत तापट मासा सर्वांत शेवटी. तू त्यालाच पहिला सोडलास, महिनाभर टाकी त्याची झाली आणि मग त्याच्या घरात पाहुणे नेऊन घातलेस.

खाण्याचंही पाहा. रक्तकिडे देऊ नकोस. शेवाळावर वाढलेल्या माशाचं आतडं लांब असतं, मांसाचा खुराक सोसत नाही, पोट फुगून मासा मरतो. स्पिरुलिनाचे दाणे घाल. एका बाबतीत मात्र आपला मराठवाडा या माशांना मानवणारा आहे. ज्या बोअरच्या पाण्याने तुझ्या मामीच्या पातेल्यांवर पांढरा थर धरतो, तसं जड पाणी त्यांना चालतं.

पण बाळा, तुझ्या मामाचं मन पुन्हा पुन्हा त्या धरणाशीच जातं.

फोटोत उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे एक पिवळी मादी आहे. फोटो मोठा करून तिची हनुवटी बघ. खाली पिशवी लटकावी तशी फुगली आहे, तोंड किंचित उघडं. टाकीत बघशील तर ती चावल्यासारखं काहीतरी करत असेल. ती काही खात नाहीये. तिच्या तोंडात अंडी आहेत. अंडी घातली की ती तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे काही न खाता, आतल्या आत ती फिरवत राहते. पिल्लं पोहायला लागली की बाहेर सोडते. म्हणजे धरणावर उघडलेल्या पिशवीत एकच मासा असला, तरी त्याच्या तोंडात एक अख्खं घराणं असू शकतं.

तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, असाच पसरला. तोही आफ्रिकेतलाच सिक्लिड, त्याचीही मादी पिल्लं तोंडात सांभाळते. १९५२ साली मोझांबिक तिलापिया आपल्या देशात आणला, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू चांगलाच होता. आज उजनीला जा, जाळ्यात चिलापीच चिलापी. आणि व्हिक्टोरिया सरोवरात याच सिक्लिडांच्या भाईबंदांवर काय पाळी आली तेही ऐक. १९५०च्या दशकात माणसांनी तिथे बाहेरून आणून नाईल पर्च सोडला. १९८०च्या दशकात तो इतका माजला की सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असं मानतात. सिद्धेश्वर पूर्णेवर आहे आणि पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. तुझे मासे थंडीत मरतील, एखादी मरळ त्यांना खाईल, किंवा टिकतील. मेले तर तू त्यांना मोकळं केलं नाहीस. टिकले तर रोहू-कटल्याच्या बीजावर आणि त्या बीजावर जगणाऱ्या भोई बांधवांवर तू संकट सोडलंस.

हे तुझा मामा एवढं जीव तोडून का सांगतो, ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

तुझ्याएवढाच होता तेव्हा तोही असाच एक पट्ट्यांचा मासा शहरातून घेऊन आला होता. त्याने टाकीतले बहुतेक सगळे मारले, त्यांत तुझ्या आईने राखीच्या पैशांतून घेतलेली गोल्डफिशची जोडीही होती. ती दोन दिवस जेवली नाही. मग एका संध्याकाळी तुझ्या मामाने तो मासा आणि उरलेले त्याचे दोन सोबती गावातल्या आपल्या विहिरीत सोडून दिले. आता हे मोकळे झाले, असंच तेव्हा त्यालाही वाटलं होतं. त्या विहिरीत हिवतापाच्या कर्मचाऱ्यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडलेले होते. तुझी पणजी रोज दिवेलागणीला काठावर बसायची आणि जोंधळ्याच्या भाकरीचा चुरा पाण्यात टाकायची. गप्पी वर यायचे, पाणी बारीक पावसासारखं थरथरायचं. पुढच्या वर्षी एकही गप्पी वर आला नाही. म्हातारी तरी रोज चुरा टाकत राहिली. चुरा भिजून खाली जायचा. "मासोळ्या रुसल्या का रे?" असं तिनं एकदा विचारलं. तुझ्या मामाने घागर उचलली आणि घरात गेला. ती गेली तोवर तिला खरं सांगणं झालं नाही.

म्हणून आवाज चढला, बाळा. माशांचे हाल बघवत नाहीत म्हणून तू हा विचार केलास, हे कळतं. तुझ्या जागी निर्दय पोरगा असता तर तो टाकी गच्चीवर नेऊन विसरून गेला असता. तिसरा गोल्डफिश मेला त्या रात्री तू आईपाशी रडलास, हेही तिनं सांगितलंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता काय करायचं ते असं. ऑस्कर घ्यायला कुणी मोठ्या टाकीवाला मिळतो का पाहा. तोपर्यंत मधे जाळीचा पडदा लाव. त्या पिवळ्या मादीला हात लावू नकोस, घाबरली तर पिल्लं गिळते किंवा थुंकून टाकते. परीक्षा संपेपर्यंत वीज गेली तर बॅटरीवरचा पंप असू दे, उन्हाने पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. मग मासे एक दिवस उपाशी ठेव, प्रत्येकाला वेगळ्या पिशवीत घाल, पिशवीत पाणी थोडं आणि हवा जास्त, आणि सकाळच्या एसटीने इकडेच घेऊन ये. जुना टीव्ही होता त्या जागी चार फुटी टाकी बसते, मामाने मोजून पाहिलं. मामी नाही म्हणाली नाही. तिनं फक्त विचारलं, त्यांना जेवायला काय लागतं.

कयाधूतून आणलेले काळे दगड धुऊन अंगणात वाळत घातलेत. गाडी परभणीहून सुटली की फोन कर, मामा स्टँडवर येऊन थांबेल. तुझ्या दोन्ही हातांत पिशव्या असतील, तेव्हा तुझं दप्तर तो घेईल.

तुझा,
मामा