नावाचा ठावठिकाणा

मनुष्याला अंकांपेक्षा नावे अधिक प्रिय असतात. आपल्या मित्राला आपण हजेरीपटावरील क्रमांकाने हाक मारीत नाही, नावानेच मारतो. यंत्रांची गोष्ट याच्या उलट आहे. एका संगणकाला दुसऱ्याकडे संदेश धाडावयाचा असला, तर त्याला नुसते नाव पुरत नाही. अंकांनी लिहिलेला पत्ता लागतो. माणसांची नावे आणि यंत्रांचे अंक यांची गाठ घालून देणाऱ्या व्यवस्थेस 'डोमेन नेम सिस्टिम', थोडक्यात 'डीएनएस', असे म्हणतात. आपल्या घरी इंटरनेट आणणारी राउटर नावाची लहानशी पेटी असते. या व्यवस्थेची एक किल्ली त्या पेटीत आहे. ती कशी वापरावी व कशी जपावी, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

आरंभी ही व्यवस्था नव्हती. अमेरिकेत १९६९ साली 'आर्पानेट' हे संगणकांचे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यात थोडेच संगणक होते. पुढे त्यांची नावे व अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइनलर व त्यांचे सहकारी ती सांभाळीत आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले, यादी लांबली आणि ताजी प्रत सर्वांजवळ असणे कठीण झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या शास्त्रज्ञाने निराळी रचना मांडली. सारी यादी एकाच ठिकाणी न ठेवता प्रत्येकाने आपापल्या भागाची यादी सांभाळावी, आणि वरच्याने खालच्याचा पत्ता तेवढा सांगावा, अशी ती रचना होती. डीएनएस ती हीच.

पुण्यात नवखा मनुष्य एखादे घर शोधू लागला, तर तो प्रथम पेठ विचारतो, मग गल्ली आणि शेवटी वाडा. डीएनएसचेही तसेच आहे. समजा, 'शाळा.भारत' असे एक नाव आहे. त्याचा शोध शेवटून सुरू होतो. प्रथम मूळ संगणकांना विचारतात, "'भारत' या शेवटाची यादी कोणाजवळ आहे?" हे मूळ संगणक १३ नावांनी ओळखले जातात आणि त्यांच्या हजाराहून अधिक प्रती जगभर पसरलेल्या आहेत. ते ज्याचे नाव सांगतात, त्याला 'शाळा' कोठे आहे ते विचारतात. अशा रीतीने पायरी पायरीने अंक हाती येतो. देवनागरीतील '.भारत' हा शेवट २०१४ सालापासून उपलब्ध झाला. म्हणून आता मराठी अक्षरांतही स्थळांची नावे ठेवता येतात.

ही सारी धावपळ आपला मोबाइल स्वतः करीत नाही. ती त्याच्या वतीने एक वाटाड्या संगणक करतो. घरातील कोणतेही यंत्र राउटरला जोडले, की राउटर त्याला घरापुरता एक अंक देतो आणि नाव विचारण्यासाठी कोणाकडे जावे तेही सांगतो. बहुधा हा वाटाड्या इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा असतो. परंतु राउटरमध्ये तो बदलता येतो. राउटरचा अंक बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असून, तो पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये लिहून पासवर्ड दिला, म्हणजे राउटरचे पान उघडते. तेथे डीएनएससाठी बहुधा दोन रकाने असतात : एक मुख्य वाटाड्याचा आणि दुसरा तो न सापडल्यास उपयोगी पडणाऱ्या दुय्यम वाटाड्याचा.

वाटाड्या का बदलावा? कोणी अधिक लवकर उत्तर देतो. कोणी ठकांच्या माहीत असलेल्या स्थळांचा पत्ता सांगण्याचे नाकारतो. कोणी मुलांना अयोग्य अशी स्थळे वगळतो. अशा वेळी दोन्ही रकान्यांत एकाच प्रकारचे वाटाडे लिहावेत. एक दार बंद करून दुसरे उघडे ठेवले, तर बंद दाराचा उपयोग काय? शिवाय आपण कोणकोणती नावे विचारतो, हे वाटाड्याला कळत असते, हेही विसरू नये.

काही राउटरांत घरातील यंत्रांनाही नावे देता येतात. छपाईयंत्राचा अंक पाठ करण्याऐवजी त्याला नावानेच बोलाविता येते. अशा घरगुती नावांसाठी 'होम.आर्पा' हा शेवट २०१८ साली राखून ठेवला गेला. जगात दुसऱ्या कोणाचे असलेले नाव घरात वापरल्यास घोटाळा होतो. तो यामुळे टळतो.

आता या व्यवस्थेतील धोका पाहू. वाटाड्याच खोटा निघाला तर? नाव अचूक लिहूनही आपण भलत्याच दारी जाऊ. हे प्रत्यक्ष घडलेले आहे. 'डीएनएसचेंजर' नावाच्या दुष्ट प्रणालीने सुमारे ४० लाख संगणकांतील वाटाड्याचा अंक गुपचूप बदलला होता. जेथे राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, तेथे ती राउटरमध्येही शिरू पाहत असे. २०११ सालच्या नोव्हेंबरात ही टोळी पकडली गेली. पण तिचे वाटाडे एकाएकी बंद केले असते, तर लाखो लोकांना एकही नाव सापडले नसते. म्हणून न्यायालयाच्या आज्ञेने त्या जागी प्रामाणिक संगणक बसविले आणि लोकांना सुधारणेस अवधी देऊन ९ जुलै २०१२ रोजी ते बंद केले.

यावरून बोध स्पष्ट आहे. राउटरचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून त्याच्या पानास हात लावू नये. बदल करण्यापूर्वी जुने अंक वहीत उतरवून ठेवावेत. बदलानंतर एकही स्थळ उघडेनासे झाले, तर तार तुटली असे लगेच समजू नये. एखादा अंक चुकला असण्याचाही संभव असतो. ब्राउझरने धोक्याचा इशारा दिला, तर तो डावलू नये. वाट ठाऊक नसणे हा दोष नव्हे; मात्र कोणाला वाट विचारावी, याचा विवेक प्रवाशाला हवाच.

अभ्यास

१. एकच यादी ठेवण्याची जुनी पद्धत का टिकली नाही?
२. पुण्यातील घराचा शोध आणि डीएनएसचा शोध यांतील साम्य सांगा.
३. कारणे द्या : (अ) दोन्ही रकान्यांत एकाच प्रकारचे वाटाडे लिहावेत. (आ) टोळी पकडल्यावरही तिचे वाटाडे लगेच बंद करता आले नाहीत.
४. वाक्यांत उपयोग करा : ठावठिकाणा, नवखा, डावलणे, विवेक.
५. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने राउटरच्या चिठ्ठीवर कोणती माहिती छापली आहे ते पाहा. पासवर्ड मात्र वर्गात सांगू नका.