फुकटच्या सिनेमाची किंमत



पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिलं असेल. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं कामही करायच्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. मग फाळके नाशिकला आले आणि पुढचा 'मोहिनी भस्मासुर' इथे केला. म्हणजे एका सिनेमाच्या तिकिटांवर दुसरा उभा राहिला. आजही हिशोब तोच आहे.

आता २०१६ चं उदाहरण घ्या. २९ एप्रिलला 'सैराट' लागला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर फिरू लागली. इथे वर्गात हमखास प्रश्न येतो, "मॅडम, तरी सैराटने कोट्यवधी कमावलेच ना?" कमावले, खरंय. पण सैराट किती होतात? ज्या मराठी सिनेमाला दिवसाला एक-दोनच खेळ मिळतात आणि आठवड्याभरात जो उतरतो, त्याची प्रत त्याच आठवड्यात मोबाईलवर आली तर? त्या निर्मात्याचा दुसरा सिनेमा कदाचित होतच नाही. हे नुकसान आपल्याला दिसत नाही, कारण न झालेला सिनेमा कुणाला दिसणार?

बरं, ती साइट तुम्हाला सिनेमा फुकट का दाखवते, याचा विचार केलाय? तिची कमाई जाहिरातींवर. नावाजलेल्या कंपन्या तिथे सहसा जात नाहीत, म्हणून उरतात जुगाराच्या आणि 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' छापाच्या जाहिराती. 'प्ले'च्या बटणावर एक अदृश्य थर असतो. तुम्ही बटण दाबता आणि उघडतं भलतंच पान. सर्वांत धोकादायक म्हणजे 'आमचं ॲप घ्या' म्हणून दिलेली एपीके फाइल. ती प्ले स्टोअरच्या तपासणीतून आलेली नसते. तिने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि तुम्ही दिली, की बँकेचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या हाती. फोन बहुतेक वेळा बाबांचा असतो, हेही लक्षात घ्या. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच घरी सांगा आणि १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

कायदाही कडक झालाय. २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात पडद्याचं चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. एक साइट बंद केली की ती नाव बदलून पुन्हा येते. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नव्या नावांनाही बंदी लागू करण्याची सोय केली.

मग बघायचं कुठे? आधी घरातला रिचार्ज तपासा. काही प्लॅनमध्ये ओटीटी आधीच असतं आणि कुणाला पत्ताच नसतो! झी५ आणि प्राइम व्हिडिओवर मराठी सिनेमे आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' सुरू केलंय. कुठला सिनेमा कुठे आहे ते 'जस्टवॉच'वर शोधता येतं. यूट्यूबवर मात्र चॅनेल निर्मात्याचं किंवा हक्क घेतलेल्या कंपनीचं आहे ना, हे पाहा.

आणि फुकट म्हणजे चोरीच, असंही नाही हं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. फाळक्यांचे मूकपट किंवा प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेलेत.

स्वाध्याय : घरात शेवटी पाहिलेले तीन सिनेमे लिहा. प्रत्येकापुढे तो कुठे पाहिला आणि त्यातला एक रुपया तरी निर्मात्यापर्यंत कसा पोहोचला असेल, हे लिहून आणा. उत्तर 'पोहोचला नाही' असेल तर तेच लिहा. मार्क कापणार नाही.