सुरकुतीचे वय किती?

या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. घरी आजी असेल तर तिला विचारून तिच्या एकाच हाताच्या दोन जागा उजेडात नीट पाहा. एक पंजाची पाठ आणि दुसरी दंडाची आतली, काखेजवळची बाजू. पंजाच्या पाठीवरची कातडी पातळ, सुरकुतलेली, डागाळलेली दिसेल. दंडाच्या आतली मात्र पुष्कळच नितळ असेल. दोन्ही जागी त्वचेचे वय एकच आहे. मग हा फरक कोठून आला?

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते. गादीचे उदाहरण घ्या. कोलॅजेन म्हणजे दाबून भरलेला कापूस, आणि इलॅस्टिन म्हणजे दाबून सोडल्यावर पूर्ववत होणाऱ्या स्प्रिंगा. तरुणपण सरू लागले की कोलॅजेन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटते, स्त्रीचेही आणि पुरुषाचेही. पुरुषाची त्वचा मुळात जाड असते, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर काही वर्षे ही घट वेगाने होते. निसर्गाने केलेला भेद एवढाच. नुसत्या वयाने पडणाऱ्या सुरकुत्या बारीक व उथळ असतात. त्या आजीच्या दंडावर दिसतात.

पंजाच्या पाठीवर दिसते ती करणी मुख्यतः सूर्याची. सूर्यप्रकाशातल्या जंबुपार किरणांपैकी ‘ब’ किरण त्वचा भाजतात. ‘अ’ किरण मात्र अंतस्त्वचेपर्यंत खोल पोचतात. त्यांच्या परिणामाने तेथे कोलॅजेनचे तंतू तोडणारी विकरे तयार होतात. ‘अ’ किरण खिडकीच्या साध्या काचेलाही दाद देत नाहीत. २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे ट्रक चालवताना त्याची डावी बाजू खिडकीकडे असे. चेहऱ्याचा तो अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता! आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपण उजवा गाल पाहायचा.

सांताक्रूझ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. (जुलैमध्ये ढगांमुळे हे क्वचितच दिसते. पण बरेचसे जंबुपार किरण ढगांतूनही येतातच.) जुहू कोळीवाड्यात उन्हात मासळी वाळवणाऱ्या बाईच्या आणि दिवसभर कचेरीत बसणाऱ्या तिच्याच वयाच्या बाईच्या चेहऱ्यात फरक का पडतो, हे आता तुम्हीच सांगू शकाल. धूम्रपानानेही असेच नुकसान होते.

चेहऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हातापायांचे स्नायू हाडांना जोडलेले असतात, पण चेहऱ्याच्या पुष्कळशा स्नायूंचे एक टोक थेट त्वचेत गुंतलेले असते. म्हणून आपण हसलो की कातडीला घड्या पडतात. घडी नेहमी स्नायूच्या ओढीला काटकोनात पडते. आरशासमोर भुवया वर उचला. ओढ उभी, पण कपाळावरच्या रेघा आडव्या! वर्षानुवर्षे त्याच जागी घडी पडत राहिली की ती कायमची होते.

आता सुरकुतीपेक्षा वेगळा, पण तिच्याशी नाते असलेला एक आकडा पाहू : ३५. एके काळी मुंबईहून परदेशी जाणारी विमानेही सांताक्रूझच्या विमानतळावरून सुटत. एअर इंडियाच्या त्या विमानांतील हवाई सुंदरींना नियमाप्रमाणे ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर ४५ पर्यंत मुदत वाढे. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होत. (‘हवाई सुंदरी’ हा आपला मराठी शब्दच पाहा ना. पुरुषाला कोणी ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.) या नियमांविरुद्ध या स्त्रिया न्यायालयात गेल्या. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ या नावाने गाजलेल्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी दिला. या कामाला तरुण, आकर्षक स्त्रियाच हव्यात, असा युक्तिवाद झाला होता. प्रवाशांची काळजी अनुभवी, वयाने मोठ्या स्त्रिया अधिक चांगली घेऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले. मुदतवाढ संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूद आणि पहिल्या गरोदरपणी नोकरीवरून काढण्याची तरतूद, दोन्ही रद्द झाल्या. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही ही अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली, आणि पुरुषांइतकेच निवृत्तिवयही दिले नाही. विजय झाला, पण अर्धाच.

त्वचेत ३५ व्या वर्षी अचानक असे काहीच घडत नाही. वर्षाला एक टक्का हा हिशेब ३४ व्या वर्षीही तोच आणि ३६ व्या वर्षीही तोच. तो आकडा पाहणाऱ्यांनी ठरवला होता.

पाहणाऱ्यांची दुसरी आवड गोरेपणाची. तिच्यात एक मोठी विसंगती आहे. त्वचेला सावळा रंग देणारे मेलॅनिन हे जंबुपार किरण शोषून घेते. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार गोऱ्या बाह्यत्वचेतून सरासरी ५५ टक्के ‘अ’ किरण पार होतात, तर काळ्या बाह्यत्वचेतून १७.५ टक्केच. म्हणूनच सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा पडतात. आपल्याकडे १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला, पण आवड गेलेली नाही. गोरेपणाही हवा आणि सुरकुत्याही नकोत, म्हणजे छत्री मोडून पावसात कोरडे राहण्याचा हट्ट!

कोलॅजेनयुक्त क्रीमचे काय? कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो बाह्यत्वचेतून आत शिरतच नाही. क्रीम वर बसून ओलावा धरते, त्यामुळे कातडी काही तास टवटवीत दिसते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाने मात्र सुरकुत्या काही अंशी कमी होतात. पण ते औषध आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. तुमच्या वयाला त्या कामासाठी त्याची गरज नाही. दुपारच्या उन्हात छत्री, टोपी किंवा डोक्यावरचा पदर यांचा उपयोग अधिक.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार स्वच्छ करणारे, सुशोभित करणारे किंवा रूप बदलून दाखवणारे ते प्रसाधन. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणारे ते औषध. घरातली किंवा दुकानातली अशा क्रीमची चार खोकी वाचा. सुरकुत्या ‘कमी होतात’ असे किती खोक्यांवर आहे आणि ‘कमी दिसतात’ असे किती, ते मोजून वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.