धार काढणाऱ्या हातांवरचे फोड



धार काढणाऱ्या बाईच्या बोटांवर फोड उठले आणि अंगात ताप भरला, की वस्तीत पहिला शब्द निघतो : "देवी आली." मग उशाला कडुनिंबाचा पाला येतो, कोणी अंगारा आणून देतो आणि दवाखान्याची आठवण सगळ्यांत शेवटी होते. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. आपल्या बौद्ध घरांतही हा शब्द अजून टिकून आहे. म्हणून या अंकात या फोडांचे खरे कारण समजून घेऊ. ते गोठ्यात सापडते.

हा रोग कोणता?

माणसाला होणारा देवी रोग आता जगात नाही. भारतातले शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. पण त्या विषाणूचे भाऊबंद जनावरांत अजून आहेत. युरोपात गाईच्या देवीचा विषाणू आढळतो. १७९६ साली इंग्लंडमध्ये डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या अशा फोडातला द्रव एका मुलाला टोचला. देवीच्या लशीची सुरुवात तिथून झाली.

आपल्याकडे लक्ष ठेवायचे ते म्हशीच्या देवीवर. महाराष्ट्रात १९९२ ते १९९६ या काळात तिच्या साथी आल्या होत्या. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर माणसांनाही ती झाली.

घरातल्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण पाहा. त्या लशीने या भाऊबंद विषाणूंपासूनही काही संरक्षण मिळत असे. देवी गेली, लस थांबली. आज गोठ्यात राबणाऱ्या तरुण मुलामुलींना ते संरक्षण नाही.

आणखी एक गल्लत टाळा. २०२२ साली लम्पीने गाई-बैल दगावले, तेव्हा लोक दुधालाही घाबरले होते. लम्पी माणसाला होत नाही. म्हशीची देवी होते.

तो हाताला कसा लागतो?

आजारी म्हशीच्या सडांवर आणि कासेवर पुरळ येते. त्याचे फोड होतात, फुटतात, वर खपली धरते. धार काढताना हे फोड बोटांना घासतात. हाताला चीर असेल, गवत-कडबा कापताना विळा लागला असेल, तर विषाणू तिथून आत शिरतो. तेच हात न धुता दुसऱ्या म्हशीला लावले, की तिलाही रोग होतो. खपलीतही विषाणू टिकून राहतो.

ओळखायचे कसे?

बोटे, पंजा, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात इथे फोड येतात. ते दुखतात, मध्ये खोलगट होतात. ताप, अंगदुखी आणि काखेत दुखरी गाठ येऊ शकते. कांजिण्यांचे फोड छाती, पाठ, पोट अशा सगळ्या अंगावर येतात. हे मुख्यतः जनावराला लागलेल्या जागी येतात. बहुतेकांचे फोड काही आठवड्यांत बरे होतात, व्रण मात्र राहू शकतो.

फोडावर काळी खपली, भोवती मोठी सूज आणि तरीही दुखणे नाही, असे असेल तर ती काळपुळी असू शकते. ती जीवघेणी ठरू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काय करावे?

१. धारेला बसण्याआधी सड आणि कास नीट पाहा. फोड दिसले तर मालकाला लगेच सांगा आणि पशुवैद्यकाला बोलवा. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे.

२. आजारी म्हशीची धार सगळ्यांत शेवटी काढा, तीही रबरी हातमोजे घालून. नंतर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा.

३. हाताला जखम असेल तर आजारी म्हशीची धार काढू नका.

४. आलेले फोड फोडू नका, खपली ओढू नका. जागा साबण-पाण्याने धुऊन कोरड्या स्वच्छ कापडाने झाका. शेण, हळद, राख, चुना लावू नका. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नका.

५. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी म्हशीची धार काढते" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे वाक्य सांगितले नाही, तर खरा रोग लक्षात येणे अवघड जाते. मनानेच प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नका. त्या विषाणूवर चालत नाहीत. फोडात पू झाला तर त्यांची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील.

६. दूध उकळूनच वापरा.

तान्ही बाळे, गरोदर बाया, भाजलेली माणसे, अंगावर इसब असलेले, तसेच एचआयव्ही किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले यांना आजारी जनावरापासून आणि उघड्या फोडांपासून लांब ठेवा. त्यांच्यात हा आजार जास्त पसरू शकतो.

मजुरीचे काय?

आपल्यातल्या कितीतरी बाया दुसऱ्याच्या गोठ्यात राबतात. मजुरी बुडेल म्हणून त्या हात पदराखाली लपवतात आणि धार काढत राहतात. त्यात त्यांची जखम चिघळते आणि मालकाच्या चांगल्या म्हशींनाही रोग लागतो. म्हणून फोड बरे होईपर्यंत धार काढायचे काम नको, हे मालकाला स्पष्ट सांगा. तोवर जनावराला हात लावायला न लागणारे काम मागा. रोग त्याच्या गोठ्यातून लागला आहे. औषधाचा आणि खाड्यांचा खर्च त्यानेही उचलावा. एकटीने बोलणे जड जाते, म्हणून महिला मंडळाच्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. हातमोजे आणि साबण गोठ्यातच ठेवायला सांगा. एका म्हशीच्या दुधाच्या किमतीपुढे त्यांचा खर्च काहीच नाही.