वेल्ह्याची खोरी संगणकावर आखताना

तोरणा-राजगडाच्या परिसरातले पाणलोट नकाशे करताना ज्या गोष्टी पटत गेल्या, त्या या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी.

१. पिक्सेल गुंठ्यांत मोजा. उंचीचा डेटा म्हणजे चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनाला एकच उंची. ९० मीटरचा चौकोन दोन एकरांचा, ३० मीटरचा सुमारे नऊ गुंठ्यांचा, १० मीटरचा जेमतेम एका गुंठ्याचा. दोन एकरांत इथे ओढा, त्याचे काठ आणि वरची भातखाचरं सगळी मावतात.

२. खोऱ्यापेक्षा धार जपा. कानंदी किंवा वेळवंडीच्या खोऱ्याचं एकूण क्षेत्रफळ ९० आणि ३० मीटरवर फारसं बदलत नाही. घोळ होतो तो अरुंद धारेवर. पाबे घाटाच्या एका अंगाचं पाणी मुठेला जातं, दुसऱ्या अंगाचं कानंदीतून नीरेला. मोठ्या चौकोनात धार बोथट होते आणि एखादा ओहोळ भलत्याच खोऱ्यात जातो. केळदजवळ मढे घाटाच्या माथ्यावर तर जास्तच जपावं लागतं. तिथून एक पाणी कोकणात उतरतं, दुसरं बंगालच्या उपसागराची वाट धरतं.

३. उतारावर लगेच विश्वास ठेवू नका. बेसॉल्टचे उभे कडे आणि त्यांमधले सपाट टप्पे मोठ्या चौकोनात सरासरीत विरतात. उतार सौम्य दिसतो आणि पुराचा लोंढा गणितात उशिरा पोहोचतो.

४. ओढ्याचा उगम हेक्टरमध्ये ठरवा. १०० चौकोनांचं पाणी जमलं की ओढा, असा नियम लावला तर ९० मीटरवर ते ८१ हेक्टर होतात, ३० मीटरवर फक्त ९. आकडा तोच ठेवून दोन नकाशांची तुलना करण्यात अर्थ नाही.

५. डेटाची तारीख बघा. एंडेव्हर अवकाशयानातून रडारने उंची मोजली ती फेब्रुवारी २००० मध्ये. त्यात पानशेत, वरसगावचे जलाशय सपाट आहेत, आंबी आणि मोसेची बुडालेली पात्रं नाहीत. गुंजवणी धरण त्यानंतर भरलं. सपाट पाण्यावर संगणक सरळ समांतर रेषा ओढतो. त्या पुसून टोपोशीटवरची नदी बसवावी.

६. बारीक डेटालाही जमीन दाखवावी लागते. त्यात रस्त्याचा भराव बांधासारखा उभा राहतो, कारण खालची मोरी वरून दिसत नाही. म्हणून मोऱ्या पायी फिरून नोंदवाव्यात आणि तिथे भरावाला छेद द्यावा. खाचरांतलं पाणी तर शेतकरीच बांध फोडून वळवतात.

७. आधी प्रश्न, मग डेटा. तालुक्याच्या आराखड्याला भुवन संकेतस्थळावरचा कार्टोसॅट-१ उपग्रहाचा ३० मीटरचा डेटा पुरतो. बंधाऱ्याची जागा ठरवायला मात्र लेव्हल घेऊन मोजणीच करावी.

८. जाणत्यांना नकाशा दाखवा. कानंद मावळ, गुंजण मावळ ही जुनी विभागणी खोऱ्यांवरूनच झाली. कुठल्या सोंडेचं पाणी कुठे जातं, हे गुराख्यांना पाठ असतं. त्यांनी हरकत घेतली, तर पावसाळ्यात त्यांच्यासोबत त्या धारेवर जा. नकाशाच्या भरवशावर पैसा खर्च होण्याआधी ही खातरजमा झालीच पाहिजे, कारण चुकीच्या जागी बांधलेला बंधारा गावाला पाणी देत नाही.