पुनर्वसूच्या आत मधुमालती लावून घ्या

सिडको आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या मधे असलेल्या मुकुंदवाडीत आता शेत कमी आणि अंगण जास्त. गेटवर, गच्चीच्या कठड्यावर वेल हवा असं सगळ्यांनाच वाटतं. पण वेल निवडताना फोटो नव्हे, पाणी बघावं. नळ इथे रोज येत नाही, बोअरचं पाणी जड, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. या तिन्हीला पुरून उरणारा वेल म्हणजे मधुमालती. जाई-जुईचा वास सरस, पण त्यांचे लाड जास्त.

आर्द्रा लागून एक-दोन चांगले पाऊस झाले की लागवड करावी. भिंतीपासून दोन फूट सोडून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. काळ्या मातीत तो तसाच भरला तर पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि मुळ्या कुजतात. म्हणून तळाला चार बोटं मुरूम, वर माती आणि कुजलेलं शेणखत निम्मंनिम्मं, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. रोपवाटिकेतून फुलांनी लगडलेलं रोप उचलू नका. पिशवीच्या तळातून मुळ्या बाहेर आल्या असतील, तर आत त्यांचं वेटोळं झालेलं असतं. रोप फुकट हवं असेल तर शेजाऱ्याच्या वेलाच्या बुडाशी आलेला फुटवा मुळासकट काढून आणा.

या वेलाला ताणे नसतात. तो टेकत, रेलत चढतो, त्यामुळे पहिली दोन वर्षं सुतळीने सैल बांधावा लागतो. आधार भक्कम हवा, बांबूची कामटी पुरत नाही. जुन्या पानांचे देठ वाळून टोकदार काटे होतात, तेव्हा छाटताना हातमोजे घाला.

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर रोग समजून औषध मारू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, त्याचं ते लक्षण. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारा. आरओमधून वाया जाणारं पाणी बुडाशी ओतायची सवय मात्र सोडा. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क.

युरियाने वेल फोफावतो, फुलत नाही. फूल येतं ते नव्या फुटीवर, म्हणून खरी मेहनत फेब्रुवारीतल्या छाटणीची. वाळकी, गुंतलेली लाकडं काढून तिसरा हिस्सा कमी करा. मग उन्हाळ्यापासून संध्याकाळी पांढरं उमलणारं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि त्यानंतर लाल होताना दिसेल. पांढऱ्या अवस्थेत रात्री त्यावर लांब सोंडेचे पतंग येतात. त्या वेळी गच्चीवर फवारणी करू नये.

एक मात्र नक्की पाळा: विजेच्या खांबाजवळ किंवा मीटरच्या पेटीवर हा वेल चढवू नका. लावायचा असेल तर पुनर्वसू सरायच्या आत लावा. त्यानंतरच्या रोपाला हिवाळ्याआधी मूळ धरायला पुरेसा वेळ मिळत नाही.